थिएटर पडले की आठवणी उभ्या राहतात

जुने चित्रपटगृह पाडले जाणार अशी बातमी आली, की तिथे वीस-वीस वर्षांत पाऊल न टाकलेली माणसे एकदम हळहळू लागतात, आणि या उशिराच्या उमाळ्याचा मला आता खरोखर संताप येतो. गिरगावचेच घ्या. ३ मे १९१३ रोजी फाळक्यांचा पहिला चित्रपट जिथे लोकांसमोर आला ते कॉरोनेशन आज नाही. १४ मार्च १९३१ रोजी पहिला भारतीय बोलपट दाखवणाऱ्या मॅजेस्टिकच्या जागी व्यापारी संकुल उभे आहे. एवढ्या मोठ्या ठेव्याची ही गत, तर गल्लीतल्या थिएटरला कोण विचारतो?

मल्टिप्लेक्स आले, जागांचे भाव चढले, हे मान्य. पण हजार खुर्च्यांत पन्नास माणसे बसली तरी वीजबिल आणि पगार चुकत नाहीत, एवढे गणित आपल्याला कळायला हवे होते. मागच्या भिंतीतल्या झरोक्यातून निघालेला प्रकाशझोत, त्यात तरंगणारे धूलिकण, रीळ तुटले की खालून उठणाऱ्या शिट्ट्या आणि ‘हाउसफुल्ल’चा फलक बाहेर आला की रांगेतून निघणारा सुस्कारा, हे सारे ज्यांना इतके प्रिय होते, ते गेली कित्येक वर्षे तिकीट खिडकीवर का दिसले नाहीत?

अशाच एका थिएटरच्या शेवटच्या आठवड्यात मी खेळाला गेलो, तेव्हा आत आम्ही अकरा जण होतो. पाडकाम सुरू झाले त्या दिवशी मात्र फोटो काढणाऱ्यांनी रस्ता अडला होता.