राजीनाम्याचे खरे कारण कोणी लिहीत नाही

गेल्या आठवड्यात आमच्या बँकेच्या शाखेतून दीड वर्षातला पाचवा माणूस गेला आणि निरोपाच्या चहाला साहेबांनी पुन्हा तेच ऐकवले, की हल्लीच्या मुलांना दोन पैसे जास्त दिसले की ती टिकत नाहीत. माझ्या अंगाची लाही लाही झाली, कारण तो आधीपेक्षा कमी पगारावर गेला आहे आणि हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते.

तो का गेला, ते मी सांगते. रोज संध्याकाळी टार्गेटच्या कॉलवर सगळ्यांच्या देखत त्याची लायकी काढली जात असे. पेन्शनचे खाते उघडायला आलेल्या एका वृद्ध शिक्षकांच्या गळ्यात त्याने विमा पॉलिसी मारली नाही म्हणून त्याची मंजूर झालेली रजा रद्द केली गेली. आणि जेवणाच्या वेळी त्याच्या शेजारची खुर्ची हळूहळू रिकामी राहू लागली, कारण साहेबांच्या डोळ्यांत खुपणाऱ्या माणसाजवळ बसायची कोणाचीच हिंमत नव्हती. त्या खुर्चीवर मीही बसले नाही, याची मला आजही शरम वाटते. रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा येतो, असे तो म्हणू लागला, तेव्हाच तो जाणार हे मला कळले होते.

ज्यांच्या डोक्यावर घराचे हप्ते आहेत ते जात नाहीत, पण तेही रोज रात्री नोकरीच्या जाहिराती चाळत असतात, आणि दिवसा झालेली चूक सांगण्याऐवजी झाकून ठेवतात. जिथे लोकांचे पैसे सांभाळायचे, तिथे ही भीती पोसली जाते, याचे वरच्या कोणालाही काहीच कसे वाटत नाही?

नोकरी सोडताना भरायच्या एक्झिट इंटरव्ह्यूच्या अर्जावर त्याने ‘वैयक्तिक कारण’ लिहिले. दुसरे काय लिहिणार? नोटीस पिरियडचे नव्वद दिवस साहेबांच्याच हाताखाली काढायचे होते, रिलीव्हिंग लेटर म्हणजे कार्यमुक्तीचे पत्र त्यांच्याच सहीने सुटणार होते आणि नव्या कंपनीचा चौकशीचा फोनही त्यांनाच येणार होता. मग तोच अर्ज पुढे करून एचआर, म्हणजे मनुष्यबळ विभाग, म्हणते, की आमच्याकडे छळाची एकही तक्रार नाही.

महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे, दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे, आणि ते अत्यंत आवश्यकच आहे. परंतु रोजच्या या पाणउताऱ्यासाठी आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. स्वीडनने कामाच्या ठिकाणच्या अशा छळाविरुद्ध 1993 मध्येच नियम केले होते. आमच्या एचआरचे उत्तर मात्र अजूनही ‘शाखेतच मिटवून घ्या’ हेच आहे.

शाखेत ठेवी किती आल्या, हे साहेबांच्या वार्षिक मूल्यमापनात रुपयापर्यंत मोजले जाते. शाखेतून माणसे किती गेली आणि ती कोणामुळे गेली, हेही त्याच कागदावर लिहिले गेले पाहिजे, आणि ते गेलेल्या माणसांना विचारून, त्यांचे रिलीव्हिंग लेटर हातात पडल्यानंतर लिहिले गेले पाहिजे.