छेद कोण ठरवणार?

युनियनच्या मान्यतेचा (म्हणजे मालकानं कामगारांच्या वतीनं कुठल्या युनियनशी बोलायचं याचा) विषय निघाला की सगळे टक्क्यांवर भांडतात, कामगारांपैकी 30 टक्के मेंबर हवेत की 51. मी पण वर्षानुवर्षं तेच केलं. पण जिच्या गावोगावी शाखा आहेत अशा कंपनीत खरी गोम टक्क्यात नसते, छेदात असते. शाळेतला अपूर्णांक आठवा. वरचा अंश, म्हणजे मेंबर, आपण पावत्या फाडून फाडून वाढवतो, पण खालचा छेद, म्हणजे एकूण कामगार कुठले मोजायचे, ते कोण ठरवतं?

आमच्या कंपनीच्या (नाव लिहीत नाही, फंडाचं काम अजून अडकलंय) राज्यभर शाखा, कुठे 8 माणसं कुठे 15, आणि एकच काय तो मोठा डेपो. डेपोत जवळपास सगळे मेंबर झाले तेव्हा करार करा म्हणून गेलो, तर साहेब म्हणाले, "अहो कंपनी एक आहे, एकट्या डेपोशी कसा करार करणार, सगळीकडची मेजॉरिटी दाखवा." बरं म्हटलं. मग दोन वर्षं साप्ताहिक सुट्ट्या घालवून, एसटीनं फिरून, स्टँडवरच्या बाकड्यावर झोपून शाखाशाखांत मेंबर केले आणि परत गेलो, तर तेच साहेब, तीच खुर्ची, आणि म्हणतात काय, "प्रत्येक शाखा स्वतंत्र आस्थापना आहे, शॉप अॅक्टची नोंदणी बघा ना, वेगवेगळी आहे."

आता हिशोब करा. महाराष्ट्राचा युनियन मान्यतेचा 1971 चा कायदा, ज्याला आपण पल्प म्हणतो, त्यात मान्यता मागायला उपक्रमात 50 तरी कामगार लागतात आणि त्यातले 30 टक्के सहा महिने सलग तुमचे मेंबर पाहिजेत. समजा 40 शाखा, प्रत्येकी 12 माणसं, म्हणजे 480. सगळं मिळून एक उपक्रम धरला तर 144 मेंबरांवर तुम्ही इंडस्ट्रियल कोर्टात अर्ज टाकू शकता. शाखा वेगळ्या धरल्या तर 480 च्या 480 मेंबर असूनही शून्य, कारण 50 चा आकडा एकही शाखा गाठत नाही! एकाच मालकाची अनेक युनिटं एक उपक्रम म्हणून जाहीर करायची पॉवर सरकारला या कायद्यात आहे, पण त्यासाठी मंत्रालयात खेटे कोण घालणार, आमचा सेक्रेटरी तर दिवसभर गोडाऊनमध्ये माल मोजायचा.

नोव्हेंबर 2025 पासून केंद्राचा नवा औद्योगिक संबंध कोड आलाय. त्यात मस्टरवरच्या (हजेरीपटावरच्या) 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असेल तर एकच वाटाघाटी युनियन, कोणाकडेच तेवढे नसतील तर 20 टक्केवाल्यांची मिळून कौन्सिल. वाचायला छान आहे. पण कुठल्या मस्टरवरचे 51, शाखेच्या की सगळ्या कंपनीच्या? (कंत्राटी पोरं कंपनीच्या मस्टरवर नसतातच, तो वेगळा रडगाणं लिहिण्याचा विषय.)

आणि कंपन्यांना "आम्ही एकच" म्हणता येत नाही असं अजिबात नाही हां. चाईबासाच्या एसीसी सिमेंट कंपनीची केस बघा, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेली, 1960 च्या रिपोर्टात आहे. चुनखडीच्या खाणीत संप झाला म्हणून सिमेंट कारखान्यातल्या लोकांना ले-ऑफ दिला, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलं. त्यांनी भरपाई मागितली तर कंपनी म्हणाली खाण आणि कारखाना मिळून एकच आस्थापना, संप तुमच्याच दुसऱ्या भागात झालाय, सबब भरपाई नाही. कोर्टानं ते मानलं. मालकी एक, मॅनेजमेंट एक, पैसा एक, एकाचं काम दुसऱ्यावर अवलंबून, अशा कसोट्या लावल्या. तिथे कामगारांविरुद्ध गेल्या, पण त्याच कसोट्या आमच्या 40 शाखांना लावल्या तर काय निघेल सांगा.

बँकवाल्यांचं बघा. 1966 पासून त्यांचे द्विपक्षीय करार आयबीएशी, म्हणजे बँकांच्या संघटनेशी होतात, बारावा करार मार्च 2024 मध्ये झाला. करारात असलेल्या बँकांत आडगावातल्या शाखेतला क्लार्क आणि फोर्टातला क्लार्क, पगाराची श्रेणी तीच. शाखा किती माणसांची हे कोणी विचारत नाही.

तरी छेद मोठा केला की भागलं असंही मी म्हणणार नाही. गिरण्यांत अख्ख्या मुंबईसाठी कायद्यानं एकच प्रातिनिधिक युनियन होती, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. 1982 च्या संपात दोन-अडीच लाख लोक डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे गेले तरी कागदावर प्रतिनिधी संघच, आणि सरकार-मालक त्या कागदामागे लपले. म्हणून माझं म्हणणं एवढंच की युनिट कुठलं ते अर्ज करताना युनियननं सांगावं, आणि मालकाला ते खोडायचं असेल तर त्यानं आधी आपलंच नेमणूकपत्र वाचून दाखवावं. आमच्या सगळ्यांच्या पत्रात छापलेलं होतं, "कंपनीच्या कोणत्याही शाखेत बदली होऊ शकते."

प्रत्येक शाखा स्वतंत्र आहे असं लेखी उत्तर आम्हाला ज्या महिन्यात मिळालं, त्याच महिन्यात सेक्रेटरीची बदली राज्याच्या दुसऱ्या टोकाला झाली, कारण "कंपनीची एकूण गरज". दोन्ही कागदांवर सही एकाच साहेबाची. झेरॉक्स आहेत माझ्याकडे, कोणाला केससाठी लागल्या तर इनबॉक्समध्ये या.