एक स्टारच्या रिव्ह्यूला स्टुडिओचं उत्तर: गिटार मागे का पडली

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वाचला. एवढ्या तयारीने केलेल्या लाइव्ह सेशनवर शेवटच्या गाण्यांनी पाणी पडलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. तुम्हाला जो मनस्ताप झाला त्याबद्दल माफी मागते.

पण "यांच्याकडे टायमिंगच धड नाही, मशीनं खराब आहेत, पैसे वाया घालवू नका" हे वाक्य मला तसंच सोडता येत नाही. रेकॉर्डिंग स्टुडिओचं टायमिंग खराब आहे असं चारचौघांत म्हटलं की त्या स्टुडिओचं काय होतं, हे तुम्ही स्वतः वादक आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून नवीन माणूस फोन करतो तो आधी हेच विचारतो. एका ग्रुपने ठरलेली तारीख सोडली. या जागेवर माझं आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोघांचं घर चालतं. म्हणून उत्तर लांबणार आहे, तेवढं वाचा.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पहिलं गाणं बरोबर आहे, तिसऱ्यापासून गिटार ड्रमच्या मागे राहायला लागते, शेवटच्या गाण्यात तर ती "दुसऱ्या खोलीत कोणीतरी वाजवतंय" अशी वाटते. दोन्ही कार्डं (आवाज कॉम्प्युटरवर उतरवणारी डबडी, एक आमचं आणि एक तुमच्या गिटारिस्टचं) ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने (सॅम्पल) घेण्यावर लावलेली होती, त्यामुळे दोष स्टुडिओचाच. शिवाय दहाचं सेशन बारा वाजता सुरू झालं.

बाराचं आधी सांगते. तुमच्या गिटारिस्टचं कार्ड त्याच्याच लॅपटॉपला दिसत नव्हतं. ड्रायव्हर शोधून, उतरवून, लॅपटॉप दोनदा बंद-चालू करण्यात तो वेळ गेला. तो वेळ मी बिलात धरला नाही. हे रिव्ह्यूत कुठेच नाही.

आता मुख्य मुद्दा. आमच्याकडे एक इंटरफेस, म्हणजे आमचं कार्ड, आहे आणि त्याला ॲडॅट ऑप्टिकल केबलने (एकाच केबलमधून अनेक चॅनल नेणारी डिजिटल जोडणी) जोडलेला आठ चॅनलचा प्रीॲम्प, म्हणजे माइकचा आवाज वाढवणारं यंत्र. मिळून सोळा इनपुट. ही दोन वेगळी डबडी असली तरी क्लॉक, म्हणजे सॅम्पल कधी घ्यायचा ते ठरवणारं आतलं घड्याळ, एकच आहे: ॲडॅटच्या केबलमधून ऑडिओबरोबर क्लॉकही जातो, प्रीॲम्प तोच मानतो. म्हणून तुमचे सगळे ड्रम, बास आणि गाणं पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत एकमेकांना चिकटून आहेत. क्लिक (तालाची टिकटिक) आमच्याच सिस्टिममधून सगळ्यांच्या हेडफोनमध्ये जात होता, आणि शेवटच्या गाण्यातही ड्रम ग्रिडवर, म्हणजे स्क्रीनवरच्या तालाच्या रेघांवर, आहेत. आमचं मशीन खराब असतं तर आधी ड्रमच विस्कटले असते. तुमच्या रिव्ह्यूत ड्रमबद्दल एकही तक्रार नाही, हे तुम्हीच एकदा बघा.

गिटारच्या ॲम्पवरचे दोन माइक मात्र तुमच्या गिटारिस्टच्या यूएसबी कार्डात आणि तिथून त्याच्या लॅपटॉपवर गेले. बाहेरचा क्लॉक आत घ्यायला लागतं ते त्या कार्डाला काहीच नाही: ना वर्डक्लॉकचं बीएनसी सॉकेट, ना ॲडॅट, ना एसपीडिफ. आमचा क्लॉक त्याला द्यायचा तर कुठून द्यायचा? यूएसबीची केबल ते कार्ड आणि तो लॅपटॉप यांच्यापुरतीच असते.

"दोन्ही ४८ वर होती" हे तुम्ही दोनदा लिहिलंय आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं, कारण मी त्याच दिवशी हे समजावून सांगितलं होतं. स्क्रीनवर ४८,००० लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्षात सेकंदाला किती सॅम्पल घ्यायचे ते कार्डातलं क्वार्ट्झ क्रिस्टल ठरवतं. दोन क्रिस्टलं तंतोतंत सारखी कधीच नसतात. दहा लाख सॅम्पलमागे वीस-तीसचा फरक असणं ही कार्डातली खराबी समजलीच जात नाही. तापमानानेही त्यात थोडा बदल होतो. एका कार्डावर सगळं घेतलं तर हा फरक कोणाला कळतच नाही, कारण सगळे ट्रॅक सारखेच चुकतात. दोन कार्डं सुटी सुटी चालली की तो उघडा पडतो, आणि दर सेकंदाला वाढतो.

तुम्ही पाठवलेल्या गिटारच्या माइकांत मागून स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा) आवाज आलाय. तो आमच्या स्नेअरच्या ट्रॅकशी मी स्वतः बसून ताडून पाहिला. ड्रमपासून ॲम्पपर्यंतचं अंतर आहे तेवढा उशीर सुरुवातीपासून आहे, तो धरायचा नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, दोन मीटरला सहा मिलिसेकंद लागतातच. तो वजा केला तर पहिल्या ठोक्याला फरक शून्य, आणि चाळीसाव्या मिनिटाला सुमारे ६० मिलिसेकंद. म्हणजे दहा लाखांत २५. तुमचं शेवटचं गाणं १२० च्या टेम्पोत (मिनिटाला १२० ठोके) आहे, तिथे सिक्स्टीन्थ नोट, म्हणजे ठोक्याचा चौथा भाग, १२५ मिलिसेकंदांची. गिटार तिच्या निम्म्याने मागे. तुमच्या कानांना जे ऐकू आलं ते शंभर टक्के खरं आहे, त्याबद्दल माझा वादच नाही. वाद कारणाबद्दल आहे.

त्यातही एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. गिटार मागे पडली कारण ते कार्ड आमच्यापेक्षा किंचित जोरात चालत होतं. त्याच चाळीस मिनिटांत त्याने जास्त सॅम्पल नोंदवले, आणि नंतर ते नेमून दिलेल्या वेगाने वाजवले की वेळ जास्त लागतो.

तुम्ही मेसेजमध्ये लिहिलं होतंत की गिटारचा ट्रॅक आधी सरकवून शेवटचं गाणं जुळवलं, तर पहिलं बिघडलं. हीच तर खूण आहे. बफरमुळे किंवा ड्रायव्हरमुळे येणारा उशीर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा असतो, एकदा सरकवला की विषय संपतो. वाढत जाणारा फरक सरकवून जात नाही. आणि एक कार्ड ४४.१ किलोहर्ट्झवर राहिलं असतं तर पहिल्याच गाण्यात गिटार जवळजवळ दीड सेमिटोन वेगळ्या सुरात आली असती, तेही झालेलं नाही.

"दुसऱ्या स्टुडिओत हेच कार्ड वापरलं, काही झालं नाही" असंही तुम्ही म्हणता. तिथे तुम्ही एकेक गाणं वेगळं रेकॉर्ड केलंत, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. चार मिनिटांच्या गाण्यात हाच फरक सहा मिलिसेकंदांचा होतो. तो कोणाच्या लक्षात येणार? प्रत्येक गाण्याला रेकॉर्डिंग नव्याने सुरू झालं की फरक पुन्हा शून्यापासून. इथे तुम्हाला चाळीस मिनिटं एका दमात हवी होती.

मॅकवर दोन कार्डं एकत्र जोडता येतात, ती सोय आमच्याकडे नाही, हा तुमचा टोमणाही वाचला. ॲग्रिगेट डिव्हाइसची (दोन कार्डं मिळून एकच समजण्याची) सोय चांगली आहे, त्यात ड्रिफ्ट करेक्शन चालू केलं तर दुसऱ्या कार्डाचा ऑडिओ पहिल्याच्या क्लॉकवर बसवून घेतला जातो. पण त्यासाठी दोन्ही कार्डं एकाच मॅकला लावावी लागतात. गिटार वेगळ्या लॅपटॉपवर होती. आमचं काम विंडोजवर चालतं आणि तिथे ॲसिओमध्ये (रेकॉर्डिंगच्या कार्डांसाठीची ड्रायव्हरची पद्धत) सॉफ्टवेअर सहसा एका वेळी एकच ड्रायव्हर घेतं, हे मी बुकिंगच्या वेळीच सांगितलं होतं.

त्या दिवशी मी तीन गोष्टी सुचवल्या. ड्रमचे दोन रूम माइक (खोलीतला आवाज घेणारे) काढू आणि ते इनपुट गिटारला देऊ. गिटारिस्टला त्याचे प्रीॲम्प आवडतात, तर त्याच्या कार्डाचं लाइन आउट आमच्या लाइन इनमध्ये घेऊ, म्हणजे आवाजाचा रंग त्याचा आणि क्लॉक आमचा. तेही नको तर निदान प्रत्येक गाण्यानंतर दोन्हीकडचं रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू करू. रूम माइक तुम्हाला हवेच होते, मधे थांबलं तर मूड जातो म्हणालात. ठीक, सेशन तुमचं. मग मी एवढंच म्हणाले की सुरुवातीला आणि शेवटी सगळ्या माइकांत येईल अशी एक टाळी वाजवा, म्हणजे दोन्हीकडचं रेकॉर्डिंग नंतर तिच्यावर जुळवता येईल. सुरुवातीची टाळी आहे. शेवटी सगळे मिठ्या मारत होते आणि लॅपटॉप बंदही झाला होता. तो क्षण मी बिघडवला नाही, कारण वाजवलंच तसं सुंदर होतं. त्याचं फळ एक स्टार, म्हणून वाईट वाटतं.

शेवटची टाळी नसली तरी हे दुरुस्त होतं, आणि मी ते करून देईन, त्याचे पैसे नकोत. गिटारचा संपूर्ण ट्रॅक दहा लाखांत २५ इतका आखडायचा. सूर बदलेल तो एका सेंटच्या (सेमिटोनच्या शंभराव्या भागाच्या) विसाव्या भागाहूनही कमी, म्हणजे कोणालाच ऐकू न येणारा. मग सुरुवात टाळीवर जुळवायची आणि मधल्या तीन-चार ठिकाणी स्नेअरशी पडताळायचं. पण तुम्ही मला पाठवलेत ते गाण्यागणिक कापलेले, फेड मारलेले तुकडे. प्रत्येकाची सुरुवात कुठली ते त्यात हरवतं, आणि तुम्ही मिक्समध्ये काही तुकडे हाताने सरकवलेतही. त्यावर हिशोब नीट बसत नाही.

इथून पुढे बाहेरचं कार्ड आणणाऱ्यांना या गोष्टी आधीच लिहून देण्याचा विचार आहे, आणि इनपुट वाढवण्याचंही बघतेय. बाकीही काही सुधारणा करू.

रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही. पण "मशीनं खराब" एवढे दोन शब्द तुमच्या फायली पुन्हा ऐकून तपासा. गिटारिस्टच्या लॅपटॉपवरची मूळ, न कापलेली चाळीस मिनिटांची वेव्ह फाइल पाठवा, दोन्ही माइकांची, एमपीथ्री नको. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ती असणारच, फक्त तो फोल्डर साफ करू नका असं त्याला आजच सांगा.