"सूनबाई, बटण बंद आहे!"

परवा शेजारचे नाना माझ्या सासऱ्यांचा पितळी टेबललॅम्प उघडून बसले होते. गिरगावातली आमची चाळ, पावसाने ओलसर झालेली लादी, नाना अनवाणी. वायरीवरचं बटण बंद, पण प्लग भिंतीतच. मी तो उपटला तर नाना रुसले. "सूनबाई, बटण बंद आहे! ४० वर्षं करतोय मी हे."

करत असाल, नाना. पण ते बटण दोनांतली एकच तार तोडतं. दोन पिनांचा प्लग उलटासुलटा कसाही बसतो. उलटा बसला की तुटते ती न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, आणि दिवा विझला तरी होल्डरमध्ये २३० व्होल्टची फेज, म्हणजे जिवंत तार, तशीच.

भिंतीतल्या बटणाचाही भरवसा नको. आमच्या मोरीतला एलईडी बंद केल्यावरही रात्रभर मिणमिणायचा. आम्ही शहाण्यांनी तीन बल्ब बदलले! शेवटी वायरमनने टेस्टर लावला, तर बटण न्यूट्रलवर. कधीकाळी कुणीतरी लाल फेज आणि काळ्या न्यूट्रलची अदलाबदल करून ठेवलेली.

"मग एमसीबी कशाला आहे?" हा नानांचा पुढचा प्रश्न. एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बटण. अहो, तो वायर जळू नये म्हणून. सहा अँपियरच्या एमसीबीला माणसाला बसलेला शॉक कळतसुद्धा नाही, जीव जायला त्याचा शंभरावा भागही पुरतो. त्यासाठी ३० मिलिअँपियरची आरसीसीबी लागते, करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारी. तीही दोन्ही तारा एकदम धरल्यात तर गप्पच बसेल.

मला खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. लॅम्पची हिरवी, म्हणजे अर्थिंगची वायर नानांनी "उगाच अडगळ" म्हणून कापून टाकली होती. पितळेचं अंग, आत घासून सोललेली फेज, वर अर्थिंग नाही. म्हणजे दिवा पुसायला जाणाऱ्याने देवाचं नाव घेऊनच जावं. तीन पिनांतली ती जाड पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते, प्लग लावताना अर्थ आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी म्हणून. आता मी नवी तीन पदरी वायर तीन पिनांच्या प्लगसकट घातली, हिरवी पितळेला स्क्रूने आवळली आणि होल्डरच्या आत वायरीला गाठ मारली, ओढ बसली तरी टोकं सुटू नयेत म्हणून.

गणपतीच्या माळा आता माळ्यावरून उतरतील. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीवर सेलोटेप गुंडाळू नका. टेस्टर माझ्याकडे आहे, घेऊन जा. पण आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतोय ना बघा, आमचा मागचा दोन महिने मेलेला होता आणि कुणाला पत्ता नव्हता.