अंग न भिजवता अ‍ॅक्वाथलॉन

सर्वप्रथम अभिनंदन. ऑफिसातल्या त्या सडपातळ माणसाने गोव्याची हाफ आयर्नमॅन पूर्ण केली आणि तेव्हापासून तुमचा डबा गोड लागेना, हे खरं कारण कुणाला सांगू नका. ‘फिटनेससाठी’ म्हणा. तिकडे १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, वर २१.१ किलोमीटर पळणं. तुम्ही तयारच होतात, पण सायकलीची किंमत घरात जाहीर झाली आणि प्रकरण तिथेच मिटलं. आता उरली अ‍ॅक्वाथलॉन. नुसतं पोहा, नुसतं पळा. तिच्या एका रूढ प्रकारात अडीच किलोमीटर पळून एक किलोमीटर पोहायचं आणि पुन्हा अडीच किलोमीटर पळायचं, बस्स. सायकलीचा पैसा वाचला, वर अंगावर टीशर्ट तितकाच ऐटबाज.

अर्जात ‘पोहता येतं का?’ असा रकाना असतो. बेधडक ‘हो’ लिहा. लहानपणी मे महिन्यात मामाने पाठीला पत्र्याचा डबा बांधून तुम्हाला विहिरीत ढकललं होतं आणि तुम्ही बुडाला नव्हता. डबा बुडाला नव्हता, असंही म्हणता येईल, पण अर्जात डब्यासाठी वेगळा रकाना नाही.

मग खरेदी. ही पायरी शांतपणे, दोन-तीन महिने घेऊन करावी, कारण ती चालू असेपर्यंत पाण्यात उतरावं लागत नाही. ट्रायसूट, म्हणजे पोहायला-पळायला एकच चालणारा अंगाबरोबरचा पोशाख, घ्या. बुटांना इलॅस्टिकच्या नाड्या बसवा म्हणजे गाठ मारण्यात जाणारे सेकंद वाचतील. तुमचा सध्याचा वेग पाहता या सेकंदांना फार महत्त्व आहे. वेटसूटही, म्हणजे थंड पाण्यात ऊब देणारा रबरी सूटही, घ्याच. कोकणचा समुद्र थंडीतही कोमट असतो आणि पाणी ठरावीक तापमानाच्या वर असलं की नियमच वेटसूट घालू देत नाहीत, तेव्हा तो कपाटात अगदी नव्यासारखा राहील. घड्याळ मात्र सर्वांत महाग घ्या. जीपीएसचे संदेश पाण्याखाली पोचत नाहीत, त्यामुळे समुद्रात ते मनगट वर आलं की अंदाजाने अंतर जोडत जातं. तलावात ते तुमच्या हाताच्या हालचालीवरून आणि वळणावरून फेऱ्या मोजतं. म्हणजे मधेच थांबून, झटक्याने वळून पुन्हा जोर मारलात तर एखादी फेरी फुकट पदरात पडते. पंचवीस मीटरच्या तलावात तीस फेऱ्यांच्या पन्नास करणारे लोक माझ्या माहितीत आहेत, आणि स्ट्राव्हा या व्यायामाच्या नोंदी मिरवायच्या अ‍ॅपवर त्यांना सकाळी सातच्या आत शाबासकी मिळालेली असते.

कधीतरी तलावावर जावं लागणारच. तिथल्या पाट्या तुम्हाला पाठ आहेत: आधी शॉवर घ्या, नायलॉनचा कॉश्च्युम सक्तीचा, बर्म्युडा चालणार नाही, टोपीशिवाय प्रवेश नाही. बॅच पाऊण तासाची. त्यातली दहा मिनिटं टोपी चढवण्यात आणि पाच मिनिटं पायऱ्यांवर बसून खांदे फिरवण्यात सहज जातात. उरलेल्या वेळात खोल बाजूला जे आजोबा मान वर काढून ब्रेस्टस्ट्रोकवर गप्पा मारत फिरत असतात त्यांच्याशी ओळख वाढवा. वर्षानुवर्षं ते रोज तेवढंच पोहतात आणि त्यांना कधी कुठली शर्यत आठवलेली नाही, ही गोष्ट मात्र मनावर घेऊ नका.

खरा धोका आहे तो कोचचा. तो तुम्हाला एक लांबी पोहायला सांगेल, मध्यावर तुम्ही दोरीला लटकलेले पाहील आणि काही न बोलता उथळ बाजूकडे बोट दाखवेल. तिथे कठड्याला धरून, तोंड पाण्यात घालून, बुडबुडे काढायचे असतात. डावीकडे पहिलीतला मुलगा, उजवीकडे पहिलीतली मुलगी, आणि मध्ये रिजनल मॅनेजर. कोचचं म्हणणं असं की फ्रीस्टाइलमध्ये माणूस हातापायाने दमत नाही, श्वासाने दमतो. पाण्याखाली हवा पूर्ण सोडली नाही तर तोंड वर आल्यावर नवी हवा घ्यायला जागाच उरत नाही. आत कार्बन डायऑक्साइड साचतो, जीव घाबरतो, घाबरला की मान वर जाते, मान वर गेली की पाय खाली जातात आणि मग तुम्ही पोहत नसता, पाणी ढकलत असता. दोन आठवडे रोज बुडबुडे काढलेत तर पुढचं सगळं सोपं जाईल, म्हणतो.

हे चुकूनही करू नका. शेजारची ती मुलगी तुमच्याकडे पाहून म्हणेल, ‘‘काका, नाकातून सोडा ना!’’ आणि बाकावर बसलेले तिचे बाबा तुमच्याच सोसायटीतले निघतील. त्यापेक्षा कोचला सांगा की तुमचं बेसिक पक्कं आहे, फक्त एन्ड्युरन्सवर काम करायचंय. ‘एन्ड्युरन्स’ ऐकलं की तो पुढच्या माणसाकडे वळतो. घरी येऊन ऑलिंपिक जलतरणपटूच्या कोपराच्या कोनाचे व्हिडिओ पाहा, स्लो मोशनमध्ये. कोपराचा अभ्यास खुर्चीत बसून होतो. बुडबुड्यांचा होत नाही.

पळण्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. टेकडीवर जा, फोटो काढा, उतरताना मिसळ खा. तुम्ही पळू शकता हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तुम्ही सराव फक्त पळण्याचाच करता. याला शास्त्रीय भाषेत बलस्थानांवर भर देणं म्हणतात.

शर्यत बहुधा कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावर, रविवारी सकाळी सातला. आदल्या रात्री सुरमई थाळी, सोलकढीच्या दोन वाट्या आणि मित्रांबरोबर जागरण, ही पारंपरिक तयारी झाली. तिथी मात्र अजिबात पाहू नका. किनाऱ्यावरची मासळी विकणारी मावशीसुद्धा सांगेल की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला. अष्टमीच्या आसपास भांगेची भरती, पाणी सौम्य. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, आणि सकाळी सातला सुकती नुकतीच संपलेली, म्हणजे समुद्र दूर गेलेला आणि परतायच्या तयारीत. पण तुमच्याकडे अ‍ॅप आहे. अ‍ॅपमध्ये हवेचं तापमान आणि आर्द्रता दिसते. पुष्कळ झालं.

भोंगा वाजला की सर्वांत पुढे, मध्यभागी उभे राहा. नवख्याने कडेला, मागे उभं राहावं असं म्हणतात, पण फोटो पुढच्यांचे निघतात. पहिल्या मिनिटात कुणाची तरी टाच तुमच्या गॉगलवर बसेल, कुणीतरी तुमच्या पाठीवरून जाईल आणि खाली पाहिल्यावर कळेल की तलावात असते तशी काळी रेघ इथे कुणी आखलेली नाही. भिंतही नाही. खारं पाणी तलावापेक्षा जास्त तरंगवतं, ही एकच गोष्ट तुमच्या बाजूची, आणि घाबरलेल्या माणसाला तीही जाणवत नाही. जाणते लोक आठ-दहा हातांनी एकदा मगरीसारखे नुसते डोळे पाण्यावर काढून बोया, म्हणजे वाट दाखवणारे तरंगते फुगे, शोधतात. तुम्ही ती तसदी घेऊ नका. पुढच्याच्या पायांमागे पोहा. ते नियमात बसतं आणि दमही वाचतो. पुढचा बोयाकडे चाललाय की आपल्या पुढच्याच्या पायांमागे, हा त्याचा प्रश्न.

श्वास संपला की (संपेलच) नियमांचं पुस्तक मदतीला येतं. तळाला पाय टेकून उभं राहता येतं, बोया किंवा थांबलेली होडी धरून विश्रांतीही घेता येते. फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. तेव्हा होडी धरा, चेहऱ्यावर चिंतन आणा. होडीतल्या पोराने ‘‘वर घेऊ काय?’’ असं विचारलं तर ‘‘प्रवाहाचा अंदाज घेतोय’’ म्हणा. आजूबाजूला झार (जेलीफिश) दिसली तर मात्र उत्तर बदलायला हरकत नाही.

पाण्यातून बाहेर येताना ताडकन उभे राहा आणि फोटोग्राफरला हात करा. इतका वेळ तुम्ही आडवे होतात, रक्त हातांच्या आणि खांद्यांच्या कामाला लागलेलं. उभं राहिल्याबरोबर ते पायांकडे उतरतं, मेंदूला क्षणभर कमी पडतं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात. शेवटच्या टप्प्यात पाय जोरात मारून रक्त आधीच पायांकडे वळवतात ते भित्रे लोक. तुम्ही वाळूत गुडघ्यांवर बसाल, आणि खाली ‘समुद्राला वंदन’ अशी ओळ टाकली की फोटो भाव खाऊन जाईल.

यानंतर थांबू नका. स्वीडनकडे बघा. २००२ साली तिथल्या उतो बेटावर चार मित्रांनी पैज मारली: दोन-दोनच्या जोड्या करून बेटांमागून बेटं पोहत-पळत सांडहाम्नला पोचायचं, मागे राहील त्या जोडीने जेवणाखाण्याचं बिल भरायचं. एक अख्खा दिवस उलटून गेला. २००६ पासून त्याच वाटेने उलट दिशेला रीतसर शर्यत होते, सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरची, त्यातले दहाएक किलोमीटर पाण्यातून. बूट घालून पोहायचं, वेटसूट घालून पळायचं, म्हणजे कपाटातला तो सूटही मार्गी लागला. अडचण एकच: जोडीदारापासून दहा मीटरपेक्षा दूर जाता येत नाही. त्याला तुमचं पोहणं दिसतं.

जोडीदार म्हणून बायकोचं नाव कुणीतरी सुचवेलच. तिने उन्हाळ्यात महिलांची बॅच लावली, पहिल्या दिवसापासून पोरांच्या रांगेत उभं राहून बुडबुडे काढले, आता ती न थांबता किलोमीटरभर पोहते आणि त्याबद्दल कुठे काही लिहीत नाही. ती येईलही. पण आधी एक लांबी पोहून दाखवा, म्हणेल. तेव्हा मेहुण्याला विचारा.