खुलासा: मान्सून अजून महाराष्ट्रातून गेलेला नाही

'मान्सून परतला, आता पाऊस नाही, सोयाबीन बिनधास्त काढून टाका' असा मेसेज गटागटांत फिरतोय. बातमी अर्धीच आहे. हवामान खात्याने परतीची घोषणा केली ती पश्चिम राजस्थानातून. तिथून सर्वसाधारण तारीखच १७ सप्टेंबर. मुंबईतून ८ ऑक्टोबर. मधल्या काळात आपल्याकडे दुपारपर्यंत कडक ऊन आणि संध्याकाळी विजांसह सरी, हे नेहमीचंच. कापून रानात पसरलेलं सोयाबीन भिजलं की शेंगेतच कोंब फुटतात, वर्षाची मेहनत जाते. म्हणून काढणीआधी हवामान खात्याचा आपल्या जिल्ह्याचा रोजचा अंदाज बघा, ताडपत्री हाताशी ठेवा, वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ॲप वापरा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच गटात हा खुलासा टाका.