'मानवी चूक' म्हणे!

आज मीटिंगमध्ये प्रोजेक्टमधल्या चुकांची एक्सेल शीट उघडली. 'कारण'च्या रकान्यात: मानवी चूक. शेजारी 'उपाय': यापुढे काळजी घेणे. अकरा ओळी, अकराही ठिकाणी तेच. वरचं घर धरून खाली ओढलेलं सरळ दिसत होतं. डोकंच फिरलं.

काळजी घेणे म्हणजे नेमकं काय करणे? रिक्वायरमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायचं ते, लिहिताना मुद्दाम निष्काळजी कोण असतं?

माझंच सांगतो. तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचं काम होतं. मी लिहिलं, 'वय ६० वर्षांवरील ठेवीदारास अर्धा टक्का जादा व्याज.' प्रोग्रामरने इमानेइतबारे 'साठपेक्षा जास्त'ची अट टाकली. टेस्टिंगवाल्याने ६५ वर्षांचा माणूस घालून बघितला, पास. संचालकांच्या सह्या झाल्या. आणि उजाडला १ जून.

१ जूनच का, हे तुम्हाला सांगायला नको. गुरुजींच्या कृपेने अर्ध्या गावाची जन्मतारीख तीच! त्या दिवशी साठ पूर्ण झालेली मंडळी काउंटरवर हजर. कॉम्प्युटरच्या लेखी कोणीच ज्येष्ठ नाही. साठ म्हणजे साठ, साठच्या वर नव्हे, आणखी वर्षभर थांबा. एक मावशी दोन लाखांची ठेव ठेवायला आल्या होत्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मावशी, कॉम्प्युटर घेत नाहीये." मावशी म्हणाल्या, "त्याला म्हणावं आधार कार्ड बघ." वर्षाचे हजार रुपये जात होते त्यांचे. मी बाजूच्या खुर्चीत चहा पीत होतो. ती ओळ कोणाची, हे तिथे फक्त मला माहीत होतं.

बरं, ओळही माझी कुठली? दुसऱ्या संस्थेच्या जुन्या डॉक्युमेंटवरून उचललेली. तिथे कारकून आपल्या अकलेने साठवाल्यालाही धरायचा, म्हणून कधी अडलं नाही. ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेट सुमारे ४० सेकंदांत फुटलं, तेही असंच. एरियान ४ चं सॉफ्टवेअर तसंच उचललेलं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, आकडा त्याच्यासाठी ठेवलेल्या १६ बिटांच्या जागेत मावलाच नाही. त्या लोकांना काय 'काळजी घ्या' सांगणार होतात?

तेव्हापासून मी ओळ लिहिली की खाली माणसं लिहितो. उद्या साठ पूर्ण होणारा, आज झालेला, ठेवीची मुदत चालू असताना होणारा. आणि विचारतो ते काउंटरवरच्या मुलीला, संचालकांना नाही. तिसऱ्या माणसावर ती चटकन म्हणाली, "ठेव ठेवली त्या दिवशीचं वय धरतो सर, मधे बदलत नाही." हे कुठल्याच ठरावात नव्हतं.

हो, वेळ लागतो याला. आणि कधीकधी माणूस खरंच झोपेत लिहितो, तेही मान्य. पण मावशींना ते सांगून बघा.

असो. चिडून लिहायला बसलो होतो, पण डोळ्यांसमोर सारखी येतेय ती आमची नवीन मुलगी. अकरांपैकी एक ओळ तिची. 'महिन्याच्या शेवटी' लिहिलं होतं तिने, शेवटचा दिवस की शेवटचा कामाचा दिवस, ते नाही. मीटिंगभर मान खाली. नंतर कँटीनमध्ये तिला मावशींची गोष्ट सांगितली. तिचा पहिला प्रश्न, "मग त्यांना हजार रुपये मिळाले का?"

मिळाले. फरकाचं व्हाउचर हाताने काढलं. कारणाच्या रकान्यात मॅनेजरसाहेबांनी 'सिस्टीम एरर' लिहिलं, आणि मी चहा संपवला.